मदत हवी आहे: वस्तीलगतचा लांडगा की कुत्र्याशी झालेला संकर?

वस्तीच्या कडेला कचऱ्याजवळ कॅमेरा ट्रॅपमध्ये (प्राणी समोर आला की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा) लांडग्यासारखे प्राणी येतात, तेही फक्त रात्री. माणसांजवळचे लांडगे दिवसा फिरणं टाळतात, त्यामुळे वेळ जुळते; पण भटकी कुत्रीही तिथेच फिरतात. ठसे सरळ रेषेत, मागचा पाय पुढच्या ठशात, म्हणजे चाल लांडग्यासारखी. विष्ठेतला मायटोकॉन्ड्रियल डीएनए लांडग्याचा निघाला, पण तो आईकडूनच येतो. बाप कुत्रा असेल तर कळणारच नाही. म्हणून केंद्रकीय डीएनए (पेशीच्या केंद्रकातला, आई-बाप दोघांकडून येणारा) तपासायचा आहे. आतड्याच्या पेशी विष्ठेच्या बाहेरच्या थरात असतात, तोच खरवडून सिलिका जेलमध्ये कोरडा ठेवतो. तरी बरेच नमुने वाया जातात, बहुधा उन्हामुळे. पकडणं, आमिष दोन्ही नको; माणसाची सवय लागली की जीव लांडग्याचाच जातो.

उघड्यावरची विष्ठा किती तासांच्या आत उचलावी, आणि प्रत्येक नमुन्याचं पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवण्याची प्रक्रिया) किती वेळा करावं?