ऑर्डरच्या ऑटोमेशनमध्ये तोच एरर परत परत, अलर्टनी ग्रुप भरतोय. तुम्ही काय करता?

काजूवाला_कुडाळ:
आमचं काजू-कोकमचं छोटं युनिट आहे. वेबसाइटवर ऑर्डर आली की गूगल शीटमध्ये नोंद, मग बिल, मग कुरिअरचं पिकअप आणि गिऱ्हाइकाला मेसेज, हे सगळं एन-एट-एनवर (n8n, कामांची साखळी म्हणजे वर्कफ्लो आपोआप चालवणारं सॉफ्टवेअर) लावलंय, चालतं दुकानातल्याच पीसीवर. काही फेल झालं की टेलिग्राम ग्रुपवर मेसेज. पण पाऊस लागल्यापासून लाईट नि नेटचा जो खेळ चाललाय त्यात एकाच कारणाचे मेसेज धो धो येतात, शेवटी भावाने वैतागून ग्रुप म्यूट केला आणि मग शीटचं लॉगिन खरंच उडालं तेव्हा कोणाला पत्ताच नाही. ते लॉगिन तर दर आठवड्याला उडतंय. रिट्राय (फेल झालेलं आपोआप परत करून बघणं) वाढवू की अलर्ट कमी करू?

मालवणी_कोडर:
दादानु, आधी एरर कसलो येता ता बघा. ४०१ इलो म्हणजे लॉगिन गेला, तेका कितीय रिट्राय मारा, काय्येक होवचा नाय, थेट माणसाक कळवूक होया. ४२९ म्हणजे तुम्ही लय घाई करतास, जरा थांबान जावा. टाइमआउट (वेळेत उत्तरच नाय) नायतर ५०३ (समोरचो सर्व्हर तात्पुरतो बंद) असलो तरच रिट्रायचो उपयोग. आणि नोडातलो (वर्कफ्लोच्या एका पायरीतलो) रिट्राय जास्तीत जास्त ५ वेळा, मधी ५ सेकंद, तासभर नेट गेला तर तेचा काय करतलास?

रत्नागिरी_आयटी:
+१. अडकलेल्या ऑर्डरी पीसीवरच एका टेबलात ठेवा, दुसरा वर्कफ्लो त्या उचलेल, आधी पाच मिनिटांनी, मग पंधरा, मग तासाने. पण परत चालवायच्या आधी ऑर्डर नंबर बघा, बिल आधीच झालंय का, नाहीतर एकाच माणसाला दोन बिलं नि दोन पिकअप. पेमेंटचा वेबहुकपण (पैसे आल्याचा आपोआप येणारा निरोप) कधीकधी तोच दोनदा येतो.
अलर्टचं म्हणाल तर वर्कफ्लो, नोड आणि एरर तेच असेल तर फक्त पहिला मेसेज जाऊ दे, पुढचे नुसते मोजा, तासाला एकदा 'अजून चालूच, इतक्या ऑर्डरी अडकल्यात' आणि सुटलं की 'सुटलं'. ४०१ मात्र वेगळ्या ग्रुपवर, जो कोणी म्यूट करणार नाही.
दर आठवड्याचं कोडं सोपं आहे, गूगल क्लाउडमध्ये शीटच्या लॉगिनसाठी बनवलेलं तुमचं अ‍ॅप 'टेस्टिंग'वर असणार, तिथे लॉगिन टिकवून ठेवणारा रिफ्रेश टोकन ७ दिवसांत मरतो. प्रॉडक्शनला टाका, एकदा नव्याने लॉगिन करा.

गुहागर_होमस्टे:
हे सगळं ठीक, पण लाईटच गेली तर पीसी बंद, मग अलर्ट पाठवणार कोण?? म्हणून उलटं करायचं. वर्कफ्लोने दर दहा मिनिटांनी बाहेरच्या एखाद्या हार्टबीट सेवेला पिंग म्हणजे 'मी चालू आहे' असा निरोप मारायचा, पिंग आला नाही की ती सेवाच बोंब मारते. बोंब मारायच्या आधीची सवलत अर्धा तास तरी ठेवा, आपल्याकडे पावसात लाईट काय मिनिटामिनिटाला डोळे मिचकावते. आणि अजून एक, एरर नसतानाही गोष्टी अडकतात. दिवाळीच्या आठवड्यात दुपारपर्यंत एकही ऑर्डर नाही, असं झालं तर त्याचाही अलर्ट हवा, कारण फॉर्मच बंद पडला असेल तर वर्कफ्लो बिचारा हिरवागार दिसत राहतो.

काजूवाला_कुडाळ:
टेस्टिंगवरच होतं! बदललं. आता एरर वर्कफ्लो (काही फेल झालं की चालणारा) लावलाय पण बटण दाबून मुद्दाम फेल केलं तर मेसेजच येत नाही?

मालवणी_कोडर:
हातान चालवलास तर एरर ट्रिगर (एरर वर्कफ्लो सुरू करणारो नोड) उठणा नाय. शेड्यूल लावा, वर्कफ्लो अ‍ॅक्टिव करा, नि मग चुकीचो पत्तो घालून बघा.