कामगार सुरक्षेवर संशोधन पुरे झालं, आता तपासणीस वाढवा. पटतंय का?

तिसरी_पाळी
मुद्दा सरळ मांडतो, मग काय झोडायचं ते झोडा. कामाच्या जागी माणूस आजारी कशाने पडतो, मरतो कशाने, हे आपल्याला कधीचं माहीत आहे. करायचं कुणाला नाहीये, एवढंच. अ‍ॅस्बेस्टॉस घ्या. ब्रिटनमध्ये लुसी डीन नावाच्या कारखाना तपासणीस बाईंनी 1898 च्या अहवालात लिहून ठेवलं होतं की ही धूळ सूक्ष्मदर्शकाखाली काचेसारखी अणकुचीदार दिसते आणि कामगारांना बाधते. त्याच ब्रिटनमध्ये पूर्ण बंदी आली 1999 ला. मधल्या शंभर वर्षांत काय पेपर कमी पडले होते? सिलिकाचंही तेच, म्हणजे दगड-वाळूत असते ती. अमेरिकेत नायॉश ही सरकारी संस्था खास याच संशोधनासाठी काढली, तिने 1974 मध्ये सांगितलं की हवेत घनमीटरला 50 मायक्रोग्रॅमच्या वर सिलिकाची धूळ नको. तो आकडा कायद्यात आला 2016 ला! बेचाळीस वर्षं. एवढ्या काळात दगड फोडणाऱ्यांची एक अख्खी पिढी निवृत्त होते, जगली वाचली तर. तेव्हा माझं म्हणणं असं की नवीन प्रकल्पांचा पैसा तपासणीसांच्या पगारावर घाला. "अजून अभ्यास हवा" हे वाक्य ऐकलं की मला आता मालकाचा वकील दिसतो.

हिशोबी
शेवटच्या वाक्यावर अर्धा सहमत. तंबाखूवाल्यांनी आणि अ‍ॅस्बेस्टॉसवाल्यांनी ते वाक्य पुरेपूर वापरलंय. पण आपल्याला सगळं माहीत आहे हे साफ चूक. कमरेचा पट्टा आठवतो का? गोदामात, मोठ्या दुकानात माल उचलणाऱ्यांना तो रुंद काळा पट्टा द्यायची एक लाटच आली होती, कंबर सांभाळते म्हणून. सगळ्यांना "माहीत" होतं. नायॉशने एका मोठ्या साखळीच्या 160 दुकानांत नऊ हजारांवर लोकांचा मागोवा घेतला, काही दुकानांत पट्टा सक्तीचा, काही ठिकाणी मर्जीचा. 2000 साली निकाल आला: दुखापतीचे दावे आणि कंबरदुखी, दोन्हींत फरक शून्य. हा अभ्यास झाला नसता तर तुमचा वाढीव तपासणीस काय करत फिरला असता? पट्टा बांधला नाही म्हणून दंड करत. आणि धोके काही 1898 मध्ये थांबलेले नाहीत. किचन ओट्यासाठी जो कृत्रिम दगड निघाला त्यात सिलिका 90 टक्क्यांच्याही वर असायची, संगमरवरात अगदी थोडी असते. तो कोरडा कापणारी तिशी-चाळिशीतली पोरं सिलिकोसिसने, म्हणजे सिलिकाच्या धुळीने फुप्फुसं निकामी होणाऱ्या आजाराने, फुप्फुस बदलायच्या रांगेत उभी राहिली, हे इस्राएल, स्पेन, ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी केसेस जमवून दाखवलं तेव्हा कळलं. ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून तो दगड बंद केला.

सेफ्टीवाला
दोघंही कागदावर भांडताय. मी रोज शॉपफ्लोअरवर असतो. चष्मा दिला, तो कपाळावर. इअरप्लग दिले, ते खिशात. मशीनला गार्ड बसवला, तो काढून कोपऱ्यात उभा केलेला. टूलबॉक्स टॉक घ्या (काम सुरू करण्याआधीची सुरक्षेवरची छोटी बैठक), पोस्टर लावा, बक्षीस ठेवा, काही करा, ऐकतच नाहीत. 88 टक्के अपघात माणसाच्या चुकीमुळे होतात हे आम्हाला ट्रेनिंगमध्येच शिकवलंय. आधी माणसं सुधारा, मग संशोधन आणि तपासणी दोन्हीची गरज कमी पडेल.

प्रेसवरचा
अहो साहेब गार्ड का काढला ते कधी विचारलं का कुणाला? मी पॉवर प्रेसवर आहे. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबली तरच स्ट्रोक खाली येतो, म्हणजे हात डायमध्ये, म्हणजे साच्यात, राहत नाही, आयडिया झकास आहे. पण बटणं एवढी घट्ट आणि एवढी लांब लांब बसवलेली की दुपारपर्यंत मनगटं भरून येतात आणि टार्गेट जे लावलंय ते त्या बटणांचा वेळ धरून लावलेलंच नाही. मग काय होतं, एका बटणावर चिकटपट्टी मारली जाते आणि दुसऱ्या हाताने पीस घातला जातो, हे सगळ्यांना दिसतं, सुपरवायझरला पण दिसतं, महिनाअखेर असली की तो बघून न बघितल्यासारखं करतो. आणि बोट गेलं की रिपोर्टात काय लिहितात? "कामगाराने सुरक्षा यंत्रणा निकामी केली." झाला तुमच्या 88 टक्क्यांतला एक.

हिशोबी
@सेफ्टीवाला, तो 88 चा आकडा हर्बर्ट हाइनरिक यांचा, 1931 चा. ते विमा कंपनीत होते. आकडा काढला विम्याच्या फायलींवरून आणि कारखानदारांकडच्या नोंदींवरून. त्या नोंदी लिहिणारा बहुतेक वेळा सुपरवायझर, आणि तो स्वतःच्या टार्गेटमुळे अपघात झाला असं कशाला लिहील! वर प्रेसवाल्यांनी सांगितलं तेच. तरी जवळपास शंभर वर्षं हा आकडा ट्रेनिंगच्या स्लाइडवर ठाण मांडून बसलाय.

सेफ्टीवाला
आकडा सोडा हो. इअरप्लग खिशात ठेवणं यात कुठलं टार्गेट आडवं येतं?

कानवाली (ऑडिओलॉजिस्ट आहे, ऐकू येण्याची तपासणी करते)
याचं उत्तर मी देते. फोमचा प्लग नीट घालायला बोटांनी बारीक वळवावा लागतो, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढायचा, आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचा. तेलकट हातांनी हे करून बघा. बहुतेकांचा प्लग अर्धा बाहेरच असतो, आणि पाकिटावर छापलेले डेसिबल प्रयोगशाळेतले असतात, जिथे घालणारा निवांत बसलेला असतो. आता हिशोब बघा. प्लग खरोखर 30 डेसिबल आवाज कमी करतो असं धरलं आणि 8 तासांच्या पाळीत फक्त अर्धा तास काढला, फोन घ्यायला, कुणाशी बोलायला, तर दिवसाचं एकूण संरक्षण 12 डेसिबलवर येतं. कारण नायॉशच्या मोजणीत 3 डेसिबल वाढले की सुरक्षित वेळ निम्मा होतो, 85 ला 8 तास, 88 ला 4, असं. म्हणजे अत्यंत शिस्तीचा माणूससुद्धा प्लगच्या भरवशावर बहिरा होऊ शकतो. मशीनचा आवाज कमी केला तर कुणालाच शिस्त लागत नाही.

छोटा_उद्योजक
आवाज कमी करा, मशीन बदला, दगड बंद करा. पैसे कोण देणार ते एकानेही लिहिलं नाही. माझ्याकडे मोजकी माणसं आहेत, ग्राइंडिंग आणि कटिंगचं काम. मोठ्या कंपनीत मोजमाप करायला वेगळा विभाग असतो, माझ्याकडे मीच विभाग. तपासणीस येतो तो रजिस्टर बघतो आणि जातो. असे आणखी दहा आले तर रजिस्टरं वाढतील, धूळ तेवढीच राहील. आणि नियम आवळले की धंदा बंद, मग कामगार सुरक्षित पण घरी बसलेला.

तिसरी_पाळी
"धंदा बंद" हे रडगाणं जुनं आहे. 1974 मध्ये अमेरिकेत पीव्हीसी बनवणाऱ्या कामगारांना यकृताचा दुर्मिळ कॅन्सर होतोय असं उघड झालं, विनाइल क्लोराइडमुळे, म्हणजे पीव्हीसी ज्यापासून बनतं त्या वायूमुळे. हवेतली मर्यादा 500 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत 500 भाग) होती ती थेट 1 वर आणली. उद्योग म्हणाला आम्ही बुडालो. बुडाले का? यंत्रणा बंदिस्त केली, निसटणारा वायू पकडून परत वापरायला लागले, पीव्हीसी आजही ढिगाने बनतंय. कायद्याने मान धरली तेव्हा सुचलं सगळं.

हिशोबी
आणि तो कॅन्सर विनाइल क्लोराइडचा आहे हे दाखवलं कुणी? एकाच कारखान्यातल्या केसेस कंपनीच्या डॉक्टरांनी जोडल्या म्हणून. आणखी एक, आणि हे तुमच्याच बाजूचं आहे. कॅलिफोर्नियात तपासणीला जायचे कारखाने काही काळ चिठ्ठी टाकल्यासारखे निवडले जायचे, त्यामुळे तपासलेल्या आणि न तपासलेल्यांची खरी तुलना करता आली. 2012 ला 'सायन्स' या संशोधन नियतकालिकात छापून आलं: तपासणी झालेल्या ठिकाणी दुखापती 9.4 टक्क्यांनी कमी, दुखापतींचा खर्च 26 टक्क्यांनी कमी, आणि नोकऱ्या गेल्या किंवा कंपन्या बुडाल्या असं काही आढळलं नाही. तपासणीस वाढवा हे तुम्ही ज्या पुराव्यावर ठासून सांगू शकता तो पुरावा संशोधनानेच दिलाय. त्याचेच पैसे कापायला निघालात.

तिसरी_पाळी
एक चांगला अभ्यास दाखवलात म्हणून सगळे माफ होत नाहीत. बेचाळीस वर्षांचं उत्तर अजून दिलेलं नाही तुम्ही.

कानवाली
त्या बेचाळीस वर्षांचा दोष संशोधकांचा कसा? त्यांनी तर आकडा हातात दिला होता. आणि तपासणीसाला दिसतं काय तर उघडा बेल्ट, तुटका कठडा. आयएलओच्या (आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या) अंदाजानुसार कामामुळे वर्षाला सुमारे 29 लाख लोक मरतात, त्यातले 26 लाख आजाराने आणि 3 लाखांच्या आसपास अपघाताने. आजार वीस-तीस वर्षांनी उगवतो, तोवर माणूस तीन नोकऱ्या बदलून गेलेला असतो. जुन्या नोंदी जोडत बसणारं कुणीतरी पाहिजेच.

छोटा_उद्योजक
चालू द्या तुमचं. मला आज काय करता येईल तेवढं कुणी सांगेल का? धूळ ओढायचा ब्लोअर आहे माझ्याकडे, तरी सगळं पांढरं होतं.

प्रेसवरचा
ब्लोअरचं तोंड ग्राइंडरपासून किती लांब आहे? आमच्याकडे पण तेच होतं, सगळे म्हणायचे मोठी मोटर लागेल.

हिशोबी
हेच विचारणार होतो. ओढणाऱ्या पाइपाच्या तोंडापासून त्या पाइपाच्या व्यासाएवढं जरी लांब गेलात तरी हवेची ओढ दहा टक्क्यांच्या आसपास उरते. म्हणजे सहा इंची पाइप असेल तर सहा इंचांवरच खेळ संपला. तोंड कामाच्या जवळ आणा, ठिणग्या जिकडे उडतात त्या बाजूला धरा. दगड कापत असाल तर ब्लेडवर पाणी सोडा, पण तो चिखल ओला असतानाच उचला, वाळला की परत धूळच. कोरडा झाडू बंद. आणि सुट्टी होताना एअर मारून, म्हणजे कॉम्प्रेसरच्या हवेने, कपडे झाडायची पद्धत असेल तर ती आजच बंद करा.

छोटा_उद्योजक
एअर तर सगळेच मारतात, मी पण. पाइप हात-दीड हात लांब आहे, टेबल आडवं येतं. टेबल कापून बघतो. पण रजिस्टरवाल्या तपासणीसाबद्दलचं माझं मत तेच आहे.

सेफ्टीवाला
टेबल कापलं तरी पोरं मास्क खालीच ओढणार, लिहून ठेवा.