हेडर बदलला की दर वेळी मेक क्लीन करावं लागतंय, उपाय काय?

बिल्डबुवा:
सी++ प्रोजेक्ट आहे, साधारण ३०० सोर्स फाइल्स, लिनक्स, बिल्डसाठी जीएनयू मेक ४.३ (बदललेलं तेवढंच पुन्हा कंपाइल करणारं टूल). हेडरमधल्या स्ट्रक्टमध्ये फील्ड वाढवलं तरी काही .ओ (कंपाइल होऊन तयार झालेल्या) फाइल्स जुन्याच राहतात. लिंकिंग बिनतक्रार होतं, पण प्रोग्रॅम भलत्याच ठिकाणी सेगफॉल्ट होतो, म्हणजे मेमरीच्या चुकीने बंद पडतो. शिवाय मेक -जे८ (एका वेळी आठ कामं) अधूनमधून 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' म्हणून पडतं, पुन्हा चालवलं की होतं. आणि व्हर्जन.एचमध्ये गिटचा कमिट हॅश जातो, त्यामुळे काही न बदलताही निम्मा प्रोजेक्ट कंपाइल होतो. सध्या सगळ्यावर क्लीन, म्हणजे तयार फाइल्स पुसून सगळं नव्याने कंपाइल करणं, हाच तोडगा. सरळ निन्जा या दुसऱ्या बिल्ड टूलवर जावं का?

तिसरीओळ:
टूल बदलायची घाई नको. मेकला तुमचे हेडर माहीतच नाहीत. मेकफाइलमधला नियम %.ओ: %.सीपीपी एवढाच असेल तर त्याच्या लेखी .ओ फक्त .सीपीपीवर अवलंबून. मग काही फाइल्स स्ट्रक्ट ३२ बाइटचा धरतात, काही ४० चा. लिंकर हे तपासत नाही.

कुठली फाइल कुठले हेडर वापरते ही यादी कंपायलरकडूनच घ्या. कंपाइलच्या कमांडमध्ये -एमएमडी -एमपी घाला, प्रत्येक .ओशेजारी ही यादी असलेली एक .डी फाइल तयार होईल. मेकफाइलच्या शेवटी (ओबीजे म्हणजे तुमच्या .ओ फाइल्सची यादी):

-इन्क्लूड $(ओबीजे:.ओ=.डी)

सुरुवातीचं उणे चिन्ह राहू द्या, .डी नसली तरी मेक अडत नाही. -एमपी गाळलंत तर हेडर डिलीट केल्यावर जुनी .डी तोच हेडर मागत राहते आणि 'नो रूल टू मेक टार्गेट' येतं. हा बदल केल्यावर मात्र एकदा क्लीन कराच, कारण आधीच्या .ओंना .डी नाहीत आणि मेक त्यांना ताज्याच समजतं.

उभीरेघ:
-जे८ चं उत्तर एररमध्ये कुठलं नाव येतं त्यावर आहे. बिल्ड फोल्डरचं असेल तर फोल्डर तयार व्हायच्या आधीच कंपायलर तिथे लिहायला जातोय. फोल्डर डिपेंडन्सीत घाला, पण उभ्या रेघेनंतर:

बिल्ड/%.ओ: %.सीपीपी | बिल्ड

रेघेशिवाय घातलंत तर फोल्डरमध्ये नवी फाइल आली की त्याचा एमटाइम (शेवटच्या बदलाची वेळ) पुढे जातो आणि आधीच्या .ओ शिळ्या ठरतात. मग रोजच सगळं कंपाइल.

नाव जनरेट होणाऱ्या हेडरचं असेल तर पहिल्या बिल्डला .डी नसतात, म्हणून तो हेडर आधी हवा हे मेकला कळत नाही. तोही रेघेनंतर लिहा. एकाच कमांडमधून .एच आणि .सीपीपी दोन्ही निघत असतील तर दोन टार्गेटांपुढे (तयार होणाऱ्या फाइल्सपुढे) नुसता कोलन नको, &: वापरा. नाहीतर -जे असताना जनरेटर दोनदा धावतो आणि दोघं एकाच फाइलवर लिहितात. &: ४.३ पासूनच आहे, तुमच्याकडे चालेल.

तिसरीओळ:
व्हर्जन.एचचं राहिलं. नियम दर वेळी धावू दे, फाइल दर वेळी बदलू नये. हॅश व्हर्जन.टेंपमध्ये लिहा, सीएमपी -एस या तुलनेच्या कमांडने जुन्या फाइलशी ताडून पाहा, वेगळी असेल तरच एमव्हीने तिच्या जागी ठेवा, नाहीतर टेंप डिलीट. नियमाला फोर्स नावाची रिकामी डिपेंडन्सी द्या, व्हर्जन.एचला स्वतःला .फोनी (खरी फाइल नसलेलं टार्गेट) करू नका, नाहीतर त्याच्यावर अवलंबून असलेलं सगळं पुन्हा होईल. लिनक्स कर्नलचं बिल्डही अशीच तुलना करतं.

तरी नवीन कमिट झालं की तो निम्मा प्रोजेक्ट धावणारच. म्हणून हॅश एकट्या व्हर्जन.सीपीपीत ठेवा, हेडरमध्ये फक्त एक्स्टर्न घोषणा (व्हेरिएबल दुसरीकडे आहे एवढंच सांगणारी).

बिल्डबुवा:
हे पटलं. कंपायलरचा ऑप्टिमायझेशन फ्लॅग -ओ२ चा -ओ० केला तर ते मेकला कळेल का?

उभीरेघ:
नाही. मेक फक्त वेळ बघतं, कमांड नाही. फ्लॅग एका फाइलमध्ये लिहून तीच सीएमपीची युक्ती करा आणि सगळ्या .ओ त्या फाइलवर अवलंबून ठेवा. निन्जा कमांडचा हॅश .निन्जा_लॉगमध्ये ठेवतं, तिथे हे आपोआप होतं. व्हर्जन.एचसाठी मात्र निन्जालाही त्या नियमात रीस्टॅट = १ (कमांडनंतर फाइल खरंच बदलली का ते पाहा) सांगावं लागतं, ते विसरलं की तुमची तिसरी अडचण जशीच्या तशी परत.

ब्रँच बदलून परत आलात तर गिटने बदललेल्या फाइल्सचा एमटाइम नवा होतो, मजकूर तोच असला तरी. यावर दोन्ही टूल्सचा इलाज नाही. सीकॅश (आधीच्या कंपाइलचा निकाल साठवून पुन्हा वापरणारं टूल) लावा, नाहीतर गिट वर्कट्री (त्याच रेपोचं दुसरं फोल्डर) घेऊन प्रत्येक ब्रँचला वेगळं बिल्ड फोल्डर द्या.

एवढं करूनही एखादी फाइल उगाच कंपाइल होत असेल तर मेक --ट्रेस चालवा, कुठल्या डिपेंडन्सीमुळे ते छापतं. ती ओळ इथे टाका.