हिरवा तलाव उपसण्याआधी थांबा

नव्या घरामागचा हिरवा पडलेला पोहण्याचा तलाव आधी पूर्ण उपसून घासून घ्या, असा सल्ला तुम्हाला मिळालाय. कृपया घाई करू नका. जमिनीखालच्या पाण्याची पातळी वर असेल तर रिकामा तलाव खालून होडीसारखा उचलला जातो, त्याला तडे जातात. आतल्या पाण्याचं वजनच त्याला दाबून धरत असतं.

आधी जाळीने पालापाचोळा काढा, पंप आणि फिल्टर चालतात का ते बघा. मग पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे ते सांगणारा आकडा, 7.2 च्या आसपास आणा. तो चढलेला असेल तर क्लोरीनचा जोर बराच कमी होतो. क्लोरीनचा मोठा डोस संध्याकाळी द्या, उन्हात ते उडून जातं. भिंती रोज ब्रशने घासा, पंप दिवसरात्र चालू ठेवा. वाळूचा फिल्टर असेल तर दाब वाढला की उलटं पाणी सोडून धुवा. हिरवं जाऊन पाणी दुधाळ दिसू लागलं म्हणजे शेवाळ मेलंय, तिथे धीर सोडू नका.

आम्ल आणि क्लोरीन कधीही एकत्र करू नका, विषारी वायू होतो. आणि घरात लहान मुलं असतील तर सगळ्यात आधी कुंपण घाला. गढूळ पाण्यात बुडालेलं मूल दिसत नाही हो.