केम, जेऊर, वाशिंबे, पारेवाडी : तुमच्या स्टेशनाचे अनुभव सांगा

कुर्डुवाडीहून दौंडकडं निघालं की ही स्टेशनं लागतात. एक्स्प्रेसमधल्या माणसाला पिवळी पाटीसुद्धा धड वाचता येत नाही. ज्यांचं जाणं-येणं तिथूनच झालं त्यांनी लिहा. गाडी चुकलेल्यांनी आधी.

केत्तूरहून : पाटीवर पारेवाडी, पण खाली उतरलं की गाव आमचं, केत्तूर. तेही मूळ जागेवरचं नाही. उजनी धरणाच्या पाण्यात जुनं गाव गेलं, तशी जुनी रेल्वेलाईनही गेली. डिकसळचा इंग्रजांच्या काळातला रेल्वेपूल मग रस्त्याला आला. त्यावरनं उसाच्या ट्रॉल्या जाताना बघून आजोबा म्हणायचे, "ह्याच पुलावरनं मी रेल्वेनं मुंबईला गेलोय." आम्हा पोरांना थाप वाटायची. उन्हाळ्यात पाणी उतरलं की गाळातनं जुनी जोती वर यायची. मग ते बोटानं दाखवायचे, ही चावडी, हा आपला गोठा.

केमहून : आमचं गाव कुंकवाचं. कारखान्यातनं सुटलेली माणसं पॅसेंजरला चढली की खिडकीच्या गजावर, बाटलीवर, तिकिटावर लाल बोटं उठायची. पांढरा शर्ट घालून आमच्या डब्यात बसणारा एकतर पाहुणा, नाहीतर टीसी.

जेऊरहून : करमाळा तालुक्याचं गाव, पण तिथं रेल्वे नाही, म्हणून माणसं जेऊर गाठतात. भरल्याशिवाय वडाप, म्हणजे शेअर जीप, हलत नाही आणि गाडी कुणासाठी थांबत नाही; ह्या दोन्हींच्या मधे आमचं कॉलेज झालं. कोरोनानंतर पॅसेंजरचं तिकीट १० चं ३० झालं. २०२४ मध्ये परत १० झालं, तेव्हा आमच्या भाजीवाल्या मावशींनी खिडकीत दोनदा विचारून घेतलं.

वाशिंब्याहून : सिंगल लाईन होती तोवर गाडी क्रॉसिंगला, म्हणजे समोरची गाडी जाईस्तोवर, थांबून पडली की आमची चैन. पेरू, ओल्या शेंगा, हरभऱ्याचे डहाळे, सगळं खिडकीशी यायचं. २०२२ ला दुहेरीकरण पुरं झालं आणि ते विकणारेही गेले.

बार्शीहून : तुमची तरी ब्रॉडगेज. आमची बार्शी लाईट रेल्वे १८९७ ची, अडीच फुटी रुळांवरची होती. चढाला लोक खाली उतरून, चालत्या गाडीत परत चढायचे, ही गोष्ट घरोघरी ऐकायला मिळते. स्वतः उतरलेला माणूस मात्र मला अजून भेटायचाय.

मोहोळहून, वाशिंबेकरांना : पेपर अकराचा आणि गाडी क्रॉसिंगला, तेव्हा शेंगा गोड लागत नाहीत हो. डबल लाईन झाली ते बेस झालं. आता एक्स्प्रेसचे थांबे वाढवा म्हणावं, ते लिहा की वर ठळक अक्षरात.