विषय : सांगलीहून येणाऱ्या आईच्या गुडघेदुखीच्या गोळ्या

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

पुढील महिन्यात माझी आई सांगलीहून आमच्याकडे राहायला येत आहे. गुडघे दुखले की ती गणपती पेठेतल्या मेडिकलमधून डायक्लोफिनॅकची गोळी आणून घेते. इथे ब्रिटनमध्ये ती चिठ्ठीशिवाय मिळत नाही, म्हणून भरपूर गोळ्या सोबत आणण्याचा तिचा विचार आहे. तिला रक्तदाबाचीही गोळी चालू आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

—

ताई, नमस्कार.

मी मूळचा मिरजेचा असून इथे फार्मासिस्ट आहे. काकूंच्या रक्तदाबाच्या गोळीच्या पट्टीवर कोणते घटक छापले आहेत, ते आधी पाहावे. त्यात टेल्मिसार्टन या रक्तदाब उतरवणाऱ्या औषधासोबत हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन, म्हणजे लघवी वाढवणारे औषध असेल, तर डायक्लोफिनॅक स्वतःहून मुळीच घेऊ नये. शरीरात तयार होणाऱ्या ज्या प्रोस्टाग्लँडिन नावाच्या रसायनामुळे सूज आणि वेदना वाढतात, तेच जठराच्या अस्तराचे रक्षण करते आणि मूत्रपिंडात रक्त नेणारी वाहिनी रुंद ठेवते. डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामकाने प्रोस्टाग्लँडिन घटते आणि ही वाहिनी आकसते, टेल्मिसार्टनने बाहेर नेणारी वाहिनी सैलावते, लघवीच्या औषधाने शरीरातले पाणी कमी होते. त्यात सांगलीचा एप्रिल-मेचा उन्हाळा किंवा जुलाब-उलट्यांची भर पडली, तर मूत्रपिंड अचानक निकामी होऊ शकते. हे मी मुद्दाम विस्ताराने लिहीत आहे, कारण वेदनाशामक गोळ्यांनी पित्त होते हे घरोघरी ठाऊक असते, मूत्रपिंडाचे मात्र फारसे कोणी सांगत नाही. शिवाय या वेदनाशामक गोळ्यांनी रक्तदाबही वाढतो.

ब्रिटनने जानेवारी 2015 मध्ये डायक्लोफिनॅकच्या गोळीची चिठ्ठीविना विक्री थांबवली, ती हृदयविकाराच्या धोक्यामुळे. हृदयविकार, हार्ट फेल्युअर किंवा पक्षाघात होऊन गेलेल्यांना ती देत नाहीत. त्याऐवजी आयब्युप्रोफेन हे त्याच जातीचे वेदनाशामक घेतल्याने मूत्रपिंडाचा प्रश्न सुटत नाही, आणि रक्त पातळ ठेवण्यासाठी ॲस्पिरिन चालू असल्यास त्याच्या कामात आयब्युप्रोफेन अडथळा आणू शकते.

गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅकचे जेल हा पहिला पर्याय धरावा. त्यातले औषध रक्तात फारच थोडे उतरते. जेल लावून वर गोळीही, असे मात्र करू नये. शौचास डांबरासारखी काळी झाली, लघवी कमी झाली, पायांना सूज आली किंवा धाप लागली, तर वाट न पाहता डॉक्टरांना गाठावे.

काकूंना निघण्यापूर्वी रक्तातील क्रिएटिनिन (यावरून मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते कळते) तपासून घ्यायला आणि तो रिपोर्ट हातातल्या पिशवीत ठेवायला सांगा. दोन्ही पट्ट्यांचे फोटो मला पाठवलेत, तर घटक पाहून कळवतो.

आपला,
एक मिरजकर सभासद