इच्छा राहिली की वासना अडकते का?

नेरूळकर
घणसोलीतल्या आमच्या गीतावाचनात आठवा अध्याय चालू आहे. 'यं यं वापि स्मरन् भावम्'वर वाद झाला. शेवटच्या क्षणी मनात असेल तीच गती, तर जन्मभराच्या साधनेला अर्थ काय? दहाव्याला कावळा शिवला नाही की 'इच्छा राहिली' म्हणतात, तीच ही वासना का? आणि इच्छा पुरी करून टाकणं हाच उपाय ना?

तलावपाळी
श्लोक अर्ध्यावर सोडला की हा गोंधळ होतोच. शेवटचे शब्द वाचा: 'सदा तद्भावभावितः'. अंतकाळी मन नवं काही निवडत नाही, रोज ज्यात मुरलं तेच वर येतं. म्हणून तर लगेच 8.7 मध्ये 'सर्वेषु कालेषु' आलंय. भागवताच्या पाचव्या स्कंधातल्या भरताने राज्य सोडलं, पण हरणाच्या पाडसाची काळजी सुटली नाही आणि पुढचा जन्म हरणाचा आला. काळजी वाईट नव्हती, अखंड होती.

कावळ्याची रूढी वेगळी. तिथे मागे राहिलेले 'तुमचं अमुक आम्ही बघू' असं कबूल करतात. तरी नाही शिवला तर दर्भाचा कावळा करून शिववतात. योगशास्त्रातली वासना हा चित्तावरचा ठसा आहे. तो दुसऱ्याने कबूल करून पुसला जात नाही.

पारसिक
पुरी करून टाकण्याबद्दल: ययातीने पुरूचं तारुण्य घेऊन हजार वर्षं भोग घेतले आणि शेवटी म्हणाला, तुपाने आग वाढतेच. दाबूनही भागत नाही. गीतेत 2.59 स्पष्ट आहे, विषय सुटतात, गोडी राहते.

पतंजलींनी योगसूत्रांत क्लेशांच्या, म्हणजे आसक्तीसारख्या मनाच्या दोषांच्या, चार अवस्था सांगितल्यात: प्रसुप्त (झोपलेली), तनु (क्षीण), विच्छिन्न (मध्येच दबलेली), उदार (उघड, जोरात). आपल्याला 'गेली' वाटणारी इच्छा बहुतेकदा विच्छिन्न असते, दुसरी मोठी इच्छा तिच्यावर बसलेली. घराचे हप्ते चालू असताना प्रवासाची हौस आठवत नाही. हप्ते फिटले की ती जशीच्या तशी उभी.

इच्छा पकडायची ती गीतेतल्या 2.62 च्या साखळीत (ध्यान म्हणजे विषयाचं चिंतन, त्यातून संग म्हणजे आसक्ती, त्यातून काम म्हणजे इच्छा), ध्यान आणि संग यांच्या मध्ये. पहिला विचार आपोआप येतो, त्यावर आपला ताबा नाही. ठाणे-वाशी लोकलमध्ये तेच चित्र आपण पुन्हा पुन्हा फिरवतो, तिथे संग जडतो. काम जागा झाल्यावर झटापट करण्यात नुसता दम जातो.

करून बघायचं तर रात्री दहा मिनिटं, एकच इच्छा घ्या. योगसूत्र 4.11 मध्ये वासनेचे चार टेकू आहेत: हेतू, फल, आश्रय (चित्त), आलंबन. आधी आलंबन काढा, म्हणजे ती वस्तू किंवा तिचं चित्र समोरून हलवा. हेतू म्हणजे मुळात अविद्या, ती एका रात्रीत हलत नाही.

नेरूळकर
मग विचार आला की 'नको, नको' म्हणायचं?

तलावपाळी
नाही, त्या 'नको'तही तीच वस्तू समोर राहते. वाईट विचारावर पतंजलींनी सांगितलेला उपाय, प्रतिपक्षभावना, म्हणजे उलटा, गोड विचार असंही नाही. योगसूत्र 2.34 मध्ये तिचा अर्थ दिलाय: या विचाराचं फळ दुःख आणि अज्ञान, आणि त्याला अंत नाही, हे नीट बघणं. त्याच सूत्रात हिंसेसारख्या वाईट गोष्टींचे भेद आहेत: स्वतः केलेलं, करवलेलं की अनुमोदलेलं (दुसऱ्याने केलेल्याला मनातून संमती). लोभाने, क्रोधाने की मोहाने. मृदू, मध्यम की तीव्र. तीन गुणिले तीन गुणिले तीन, असे 27 प्रकार होतात. यातलं अनुमोदनच निसटतं. हाताने काहीच केलेलं नसतं, दुसऱ्याचं वाईट झाल्यावर मनात फक्त 'बरं झालं' उमटलेलं असतं.